मारण्याआधी नाव विचारा

मत्स्यालयाच्या दुकानात जाऊन "टँकमध्ये शेवाळ आलंय" एवढंच म्हणून बघा. दुकानदार मागच्या फळीवरून एक बाटली काढून काउंटरवर ठेवेल आणि म्हणेल, "दहा लिटरला पाच थेंब. तीन दिवसांत साफ." शेवाळ कुठल्या रंगाचं आहे, काचेवर आलंय की वाळूवर, बोटानं पुसलं जातं की ओढूनही निघत नाही, टँक किती महिन्यांचा आहे, पाणी कुठलं भरता, यांपैकी एकही प्रश्न तो विचारणार नाही. आपणही सांगायच्या फंदात पडणार नाही. पैसे देऊ, बाटली घेऊ, घरी येऊ. तापावर असं न विचारता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण निदान मनातल्या मनात तरी शिव्या घालतो. इथे आभार मानतो.

माझं म्हणणं असं आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये 'शेवाळ' नावाची एकच एक गोष्ट नसते, आणि जी असते ती रोग नसते. त्या एका शब्दाखाली आपण पाच-सहा निरनिराळे जीव कोंबतो. त्यांतला एक तर शेवाळही नाही. आणि मग त्या सगळ्यांवर एकच उपाय करतो: मारा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत आहे. फरक एवढाच की इथे पखालीत जिवंत मासे असतात.

हे मी इतक्या वरच्या पट्टीत सांगतोय, कारण पखालीला औषध मीही पाजलं आहे.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी 180 लिटरचा समुद्री टँक लावला. दोन क्लाउनफिश, दोन डॅम्सेल, एक क्लीनर श्रिम्प, डझनभर छोट्या गोगलगायी. प्रवाळ नाहीत. समुद्रात खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंगतीला बसतात. ते बाजारात गुपचूप मिळतात म्हणून घरी आणायचे, हे मला पटत नाही. त्यामुळे माझ्या टँकमधले दगडही समुद्रातून काढलेले नव्हते. भट्टीत भाजलेले, कोरडे, सच्छिद्र असे कृत्रिम दगड होते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धूळ बसली. मी पुसली, ती परत आली. मग ती आपोआप कमी झाली आणि तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवले. मी चिडलो. फॉस्फेट शोषून घेणारे लोखंडाचे दाणे मिळतात, ते दुप्पट मात्रेत फिल्टरमध्ये भरले. चाचणीत फॉस्फेट शून्य आलं, नायट्रेट शून्य आलं, हिरवे केस पांढरे पडून गळाले. दोन आठवडे मी घरी येईल त्याला टँक दाखवत होतो.

त्यानंतर वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, बुळबुळीत तारा आल्या. शेंबडासारख्या, टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेल्या. गोगलगायी काचेवरून सुटून उलट्या पडायला लागल्या. दुकानात फोटो दाखवला. "हे लाल शेवाळ. याला अँटिबायोटिक लागतं." मी घातलं. औषधामुळे पाण्याला फेस येतो, म्हणून सूचनेत लिहिल्याप्रमाणे प्रोटीन स्किमर बंद ठेवला. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र. त्याच बुडबुड्यांतून पाण्यात हवाही मिसळत असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता दिवा लावला तर दोन्ही डॅम्सेल आणि एक क्लाउनफिश तळाशी होते. आणि त्या तपकिरी तारा जिथल्या तिथे, आदल्या दिवसापेक्षा दाट.

माझी मावसबहीण एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्या रविवारी मी टँकमधलं चमचाभर बुळबुळीत पाणी डबीत घालून तिच्याकडे गेलो. तिनं एक थेंब स्लाइडवर घेतला, वर काच ठेवली, डोळा लावला आणि म्हणाली, "अरे, हे पळतंय." मी पाहिलं. लंबगोल, एका टोकाला निमुळते होत गेलेले शेकडो दाणे, खुंटाला दावं लावून बांधलेल्या वासरासारखे एकाच बिंदूभोवती गोल गोल फिरत होते. तिनं विचारलं, "याला तू काय घातलंस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "पण हे बॅक्टेरिया नाहीतच ना रे. यांना अँटिबायोटिकनं काय होणार?"

पाच मिनिटांचं काम होतं. ते मी तीन मासे मेल्यावर केलं.

आता ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात कोण कोण असतं ते बघू. मला दुकानात कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो.

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येणारी तपकिरी धूळ म्हणजे बहुतेक वेळा डायटम. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं कवच बांधतात. हात फिरवला की ते धुळीसारखे उडतात. पाण्यातलं सिलिकेट संपलं की तेही संपतात. त्यांच्यावर खरा उपाय म्हणजे थांबणं.

लाल, जांभळट किंवा गडद हिरवी, मखमली चादर पसरल्यासारखी दिसते, बोटानं धरली तर सालीसारखी अख्खी निघते आणि उग्र वास येतो, ती सायनोबॅक्टेरिया. नावाप्रमाणे हे बॅक्टेरिया आहेत, शेवाळ नाहीत. प्रवाह मंद असतो, खाद्य साचतं, तिथे ही चादर जास्त पसरते. अँटिबायोटिक लागू पडतं ते हिला, आणि ते का पडतं हे आता वेगळं सांगायला नको.

दिवसा तपकिरी शेंबूड, आणि दिवे गेल्यावर काही तासांत निम्मा गायब. सकाळी वाळू स्वच्छ, दुपारपर्यंत पुन्हा तेच, असं असेल तर डायनोफ्लॅजेलेट. यांना हलायला शेपट्या असतात. माझ्याकडे होता तो ऑस्ट्रिऑप्सिस. तो रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगतो. त्याच्या काही जाती विषारी आहेत, आणि त्या खाल्ल्या की गोगलगायी मरतात. 2005 साली इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर याच प्रजातीचा बहर आला तेव्हा नुसत्या वाऱ्यावरून आलेल्या तुषारांनी सुमारे 200 माणसांना दवाखाना गाठावा लागला होता. याचाच भाऊबंद अँफिडिनियम रात्रीही वाळूतच राहतो. त्यामुळे पाणी अतिनील दिव्याखालून फिरवण्याचा उपाय ऑस्ट्रिऑप्सिसला लागू पडतो, अँफिडिनियमला नाही. दिसायला दोघं सारखे. डोळ्यांनी फरक कळत नाही.

हिरव्या केसांतही एकवाक्यता नाही. साधे केस गोगलगायी आणि मासे खातात. पण केसांना पिसासारख्या बारीक फांद्या असतील तर तो ब्रायॉप्सिस, आणि त्याला बहुतेक जण तोंड लावत नाहीत. हिरव्या काचेच्या गोट्या दिसल्या तर व्हॅलोनिया. त्यातली एक गोटी म्हणजे एकच पेशी असते. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, कधी कधी सुपारीहूनही मोठी एक पेशी. असा जीव घरात उगवला तर माणसानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवावा. आपण बाटली शोधतो.

आता माझ्या टँकमध्ये काय झालं ते पुन्हा लावून बघा. कोरडे, निर्जीव दगड. त्यांवर जागेसाठी भांडायला दुसरं कोणी नाही. जे थोडे डायटम आणि हिरवे केस तिथे वस्तीला आले, त्यांना मी उपाशी मारलं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं. त्या ओसाड जागेत जो जीव दोन्ही बाजूंनी जगू शकतो, प्रकाशावरही आणि इतर सूक्ष्मजीव खाऊनही, तो आला. मग मी अँटिबायोटिक घालून उरलेसुरले स्पर्धकही काढले. मेलेल्या बॅक्टेरियांच्या कुजण्यानं प्राणवायू खाल्ला, रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं तेव्हा त्या तारांनीही खाल्ला, आणि हवा मिसळणारा स्किमर मीच बंद केला होता. 27 अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो; गोड्या पाण्यात आठ. मुळातच कमी असलेली शिल्लक मी एका रात्रीत संपवली. डायनोफ्लॅजेलेटनं माझे मासे मारले नाहीत. मी मारले, आणि सूचनापत्रिका वाचून मारले.

यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट मला नंतर कळली. वाळूतल्या अँफिडिनियमवर अनुभवी लोक जो उपाय करतात तो असा: पाण्यात मुद्दाम सिलिकेट घालायचं, म्हणजे डायटम वाढतात आणि त्याची जागा बळकावतात. ज्या तपकिरी धुळीला मी तिसऱ्या आठवड्यात घाण म्हणून पुसत होतो, तिला लोक औषध म्हणून वाढवतात.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरा मुद्दा हिशेबाचाच आहे.

मी रोज साधारण एक ग्रॅम कोरडं खाद्य घालत होतो. डब्यावर प्रथिनं 45 टक्के लिहिलेली होती. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे 72 मिलिग्रॅम नायट्रोजन. तो सगळा शेवटी नायट्रेट झाला असं धरलं तर सुमारे 320 मिलिग्रॅम. 180 लिटरला भागा: रोज लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम. खाद्यात फॉस्फरस साधारण एक टक्का धरला तर फॉस्फेट होतं 30 मिलिग्रॅम, म्हणजे रोज लिटरमागे 0.17. टँकमध्ये फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असावं असं हा छंद करणारे सगळे म्हणतात. म्हणजे मी एका दिवसात त्यापेक्षा जास्त आत ओतत होतो. थोडं माशांच्या अंगी लागतं, हे मान्य. पण चित्र बदलत नाही.

यावर नेहमीचं उत्तर: दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. बदला, पण गणितही करा. आठवड्याला 12.4 मिलिग्रॅम नायट्रेट आत येतं आणि असलेल्यातलं दहा टक्के बाहेर जातं. हे दोन्ही समसमान होतात ते पाण्यात 124 असतं तेव्हा. फक्त पाणी बदलून टँक चालवला तर तो शंभराच्या पुढे जाऊन स्थिरावतो. प्रत्यक्षात बहुतेकांच्या टँकमध्ये इतकं दिसत नाही. मग बाकीचं जातं कुठे? काही स्किमरच्या फेसात, काही दगडाच्या आतल्या बॅक्टेरियांमार्फत नायट्रोजन वायू होऊन हवेत, आणि उरलेलं शेवाळात. आपण आत किती टाकलं आणि बाहेर किती काढलं यांतली बाकी हिरव्या अक्षरांत मांडलेली असते. ती वाचायची सोडून आपण वही जाळतो.

म्हणूनच "माझ्या टँकमध्ये फॉस्फेट शून्य आहे, तरी शेवाळ येतं" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. शून्य आहे कारण शेवाळानं ते आधीच खाल्लं आहे. महिनाअखेर बँकेत शून्य रुपये आहेत म्हणून कोणी पगारच झाला नाही असं म्हणत नाही. चाचणी शिल्लक दाखवते, उलाढाल नाही.

आणि मारण्याचा अर्थ या हिशेबात काय होतो? मूठभर शेवाळ हातानं उपटून बादलीत टाकलं तर त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस टँकबाहेर गेला. तेच शेवाळ बाटलीतल्या औषधानं जागेवर मारलं तर ते तिथेच कुजून सगळं पाण्यात परत गेलं. पुढच्या पिकाला खत घातलं. तीन दिवसांत साफ होतं हे खरं आहे. तीन आठवड्यांत पुन्हा येतं हेही तितकंच खरं, आणि मग आपण पुन्हा दुकानात जातो. धंदा म्हणून ही रचना अगदी निर्दोष आहे.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही रात्री दोन वाजता इशारा वाजला की मूळ बिघाड न शोधता इशाराच बंद करून झोपणारे लोक असतात. त्यांना आम्ही मागून नावं ठेवतो. घरी येऊन मी नेमकं तेच केलं.

हिशेबातली आणखी एक आवक आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही: पाणी. पुण्याच्या उपनगरांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, म्हणून आपण विश्वासानं स्वयंपाकघरातल्या आरओचं घेतो. पण पिण्याच्या बऱ्याच आरओ यंत्रांत चव यावी म्हणून शुद्ध झालेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळायची सोय असते. माणसाला ते ठीक आहे, टँकला नाही. शिवाय पडद्यातून निसटलेलं सिलिकेट टीडीएस मीटरला जवळपास दिसतच नाही. त्यासाठी पुढे आयन शोषणाऱ्या रेझिनचा टप्पा लागतो. माझी तपकिरी धूळ कुठून आली हे मला वर्षभरानं कळलं. ती नळीतून येत होती, आणि नळी मीच लावली होती.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. मारणाऱ्यांइतकाच माझा राग शून्यवाल्यांवर आहे. पांढरीशुभ्र वाळू, आरशासारखी काच, चाचणीत सगळं शून्य, आणि ज्याच्या टँकमध्ये हिरवं दिसेल तो आळशी. हे सोवळं कुठून आलं? समुद्रातून तर नक्कीच नाही. ज्या गुलाबी-जांभळ्या थराची हे लोक कौतुकानं वाट बघतात, तो कोरलाइन थरही शेवाळच आहे. रंग आवडीचा निघाला म्हणून त्याला सोवळ्यात घेतलं. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला खाऊ घालणारे झूझँथेली हे डायनोफ्लॅजेलेटच, म्हणजे माझ्या तपकिरी तारांचे सख्खे नातेवाईक. त्यांच्याशिवाय उष्ण समुद्रातले प्रवाळ खडक उभे राहिले नसते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980 च्या दशकात आपले समुद्री टँक शेवाळ काढून नव्हे, तर मुद्दाम एका जाळीवर वाढवून स्वच्छ ठेवले. तीव्र दिवा, वाहतं पाणी, आणि वाढलेलं शेवाळ ठरावीक दिवसांनी खरवडून बाहेर. आज कित्येक जण खालच्या टाकीत कीटोमॉर्फाचा गुंता वाढवतात तो याच न्यायानं. म्हणजे प्रश्न शेवाळ असावं की नसावं हा नाहीच. ते कुठे असावं आणि त्याला कोण खातं, हा आहे.

खऱ्या समुद्रातही गोष्ट हीच आहे, फक्त मोठ्या आकड्यांत. 1983 मध्ये पनामाजवळ डायडेमा नावाचे लांब काट्यांचे समुद्री अर्चिन कुठल्याशा साथीनं मरायला लागले, आणि साधारण वर्षभरात कॅरिबियनभर नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे माणसानं आधीच संपवले होते, 1980 च्या चक्रीवादळानं प्रवाळ मोडले होते. उरलेला एकमेव चरणारा प्राणी गेला आणि शेवाळानं खडक व्यापले. 1970 च्या दशकाच्या शेवटी पन्नास टक्क्यांहून जास्त असलेलं प्रवाळांचं आच्छादन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्या खाली आलं. शेवाळ कुठून बाहेरून आलं नव्हतं. ते पहिल्यापासून तिथेच होतं. त्याला खाणारं कोणी उरलं नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग शेवाळ खाणारे प्राणी विकत आणतो. आणा, पण त्यांना 'सफाई पथक' म्हणून डझनावारी विकतात ना, तिथे माझा तिसरा आक्षेप आहे. वीस गोगलगायी आणल्या, त्यांनी महिन्याभरात सगळं खाल्लं. पुढच्या महिन्यात त्यांनी काय खायचं? बहुतेक टँकमध्ये त्या उपाशी मरतात, कवचात कुजतात, आणि तो नायट्रोजनही पाण्यातच जातो. समुद्रातून उचलून आणलेला जीव आपण फडक्यासारखा वापरून टाकतो. त्यात शेवाळ मारायच्या काही औषधांत तांबं असतं, म्हणजे आपलं मोरचूदच. माशाला जी मात्रा सोसते तिच्या अंशानंही गोगलगाय आणि श्रिम्प मरतात. चुन्याचे दगड ते तांबं धरून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. एका हातानं सफाई पथक आणायचं आणि दुसऱ्या हातानं त्याला विष घालायचं, हे एकाच बिलावर होताना मी पाहिलंय.

मला माहीत आहे, यावर दोन आक्षेप येतील. पहिला, सगळ्यांना सूक्ष्मदर्शक कुठे परवडतो? शाळेत वापरतात तसला साधा सूक्ष्मदर्शक एका क्लाउनफिशच्या जोडीपेक्षा फार महाग नसतो. तोही नको असेल तर रात्री दिवे गेल्यावर तीन तासांनी टॉर्च घेऊन बघा. किंवा थोडा शेंबूड बाटलीत घालून जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा, आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनोफ्लॅजेलेट असण्याचीच शक्यता जास्त. खर्च शून्य.

दुसरा आक्षेप, मग औषध कधीच वापरायचं नाही का? वापरायचं. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनाझोल नावाचं बुरशीविरोधी औषध चालतं, अनेकांनी ते वापरून टँक वाचवले आहेत. हट्टी सायनोवर अँटिबायोटिकचीही वेळ येते, जरी घरातल्या टँकसाठी अँटिबायोटिक वापरून ते गटारात सोडणं मला अपराध वाटतं. माझा विरोध औषधाला नाही. नाव न विचारता दिलेल्या औषधाला आहे. नाव कळल्यावर निम्म्या वेळा औषध लागत नाही, आणि लागतं तेव्हा ते कुठलं हे कळतं.

आणि हे सगळं एका काचेच्या पेटीपुरतं आहे असं समजू नका. 1984 मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या अगदी खाली, भूमध्य समुद्राच्या तळाशी कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा साधारण एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. ते टँकमध्ये शोभेसाठी ठेवायचं शेवाळ होतं. अलेक्झांडर मैनेझ हे शास्त्रज्ञ ओरडून सांगत राहिले, अधिकारी वाद घालत राहिले, आणि ते हजारो हेक्टरांवर पसरलं. 2000 साली तेच शेवाळ कॅलिफोर्नियात एका खाजणात सापडलं. तिथे मात्र आधी नाव ओळखलं, मग लगेच ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडला. सहा वर्षं आणि सत्तर लाख डॉलरांहून जास्त खर्च करून ते नाहीसं केलं. नाव वेळेवर विचारण्याची आणि न विचारण्याची ही किंमत. माझ्या टँकमधलं उपटलेलं शेवाळ मी म्हणूनच गटारात टाकत नाही. उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात देतो.

घरापासून दोन किलोमीटरवर मुळा नदी आहे. दरवर्षी तिच्यावर जलपर्णी पसरते, दरवर्षी यंत्रं लावून ती काढतात. काढतात हे बरंच आहे, निदान बाहेर तरी जाते. पण तिला पोसणारं सांडपाणी वरून येतच राहतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यंत्रं. पुलावरून जाताना मला माझाच टँक आठवतो आणि टीका करायला तोंड उघडत नाही.

माझा टँक सावरायला सहा-सात आठवडे लागले. लोखंडाचे दाणे काढून टाकले. नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून, मुद्दाम वाढवलं. रात्री अतिनील दिवा चालवला, तारा रोज नळीनं ओढून काढल्या. रविवारी डबी घेऊन ताईकडे जायचो; स्लाइडवर फिरणारे दाणे आधी कमी झाले, मग दिसेनासे झाले. पाचव्या आठवड्यात मागच्या काचेवर हिरवे केस परतले. ज्यांना मी उपाशी मारलं होतं तेच. मी ते तसेच ठेवले. वाचलेला क्लाउनफिश अधूनमधून तिथे जाऊन टोचे मारतो.

दुकानदारांना माझी एकच विनंती आहे. बाटली विका, पण तिच्याआधी तीन प्रश्न विचारा: रात्री ते दिसतं का? हातानं धरलं तर कसं निघतं? आणि नायट्रेट-फॉस्फेट किती आहे? गिऱ्हाइकाला उत्तरं माहीत नसतील तर त्याला रिकाम्या हातानं घरी पाठवा. तो चिडेल. पण त्याचे मासे जगले तर पुढची कित्येक वर्षं खाद्य तुमच्याकडूनच नेईल.